टाकवत नाही आणि ठेवूनही काही होत नाही: हाताने केलेलं काम विकायला निघालेल्यांसाठी

माझ्या आजीच्या काळी गोधडी ही विकायची वस्तूच नव्हती. उन्हाळ्यात शेतातली कामं थांबली की दुपारी जुनी लुगडी उसवून, धुऊन ओसरीवर अंथरायची. चार बायका चार बाजूंना बसायच्या आणि पावसाआधी घरची वाकळ, म्हणजे गोधडी, तयार व्हायची. मी गेली आठ वर्षं कराडात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकते. शिवायला मला घरात शिकवलं. विकायला कुणी शिकवलं नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या वर्षी मी सगळीकडे एकच मजकूर टाकत होते : 'शंभर टक्के सुती, हाताने शिवलेली, मऊ, टिकाऊ, घरी धुता येते.' सगळं खरं होतं. लोक 'छान' म्हणायचे आणि किंमत ऐकली की गप्प व्हायचे. त्यांचंही बरोबरच होतं. मऊ, टिकाऊ आणि धुता येणारं पांघरूण बाजारात याच्या पाव किमतीत मिळतं. मग एक बाई आल्या. आई जाऊन सात महिने झाले होते आणि पिशवीत पाच साड्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, टाकवत नाही आणि ठेवूनही काही होत नाही." त्यांनी कापडाचा प्रकार विचारला नाही, धुण्याचं विचारलं नाही. किंमत सर्वांत शेवटी विचारली आणि लगेच होकार दिला. तेव्हा मला कळलं की मी वर्षभर नको त्या गोष्टीबद्दल बोलत होते.

तुम्ही नुकती सुरुवात करत असाल तर काय, कोणत्या क्रमाने करायचं, ते मी गोधडीच्या उदाहरणातून सांगते. तुमचं काम चित्रांचं असो, नावाच्या पाट्यांचं असो की आकाशकंदिलांचं, क्रम हाच राहतो.

पहिलं काम : वही घ्या आणि विचारा

जाहिरात लिहायच्या आधी दहा माणसांशी बोला. ज्यांनी तुमच्याकडून काही घेतलंय त्यांच्याशी, आणि अजून कुणी घेतलंच नसेल तर असंच काही दुसरीकडून घेतलेल्यांशी. 'तुम्हाला माझं काम का आवडतं?' असं विचारू नका. त्यावर लोक तुमचं कौतुक करतात आणि कौतुकातून काही हाती लागत नाही. मी हे चार प्रश्न विचारते : ही कुणासाठी घेताय? घरात कुठे असेल? आत्ताच का घ्यावीशी वाटली? देताना मनात धाकधूक कशाची आहे?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. साड्या कपाटात सात महिने पडून होत्या, मग आजच का? त्याचं उत्तर ऐकलं की खरं कारण बाहेर येतं. 'भाऊ म्हणतोय, घर विकायचंय, सगळं देऊन टाकू.' 'मुलगी पहिल्यांदाच हॉस्टेलला चाललीय.' 'सुनेला सातवा लागला.' एक काका म्हणाले, "बायकोच्या साड्यांचा वास आता येईनासा झालाय." त्यावर मी काय बोलणार होते? गप्प बसले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

उत्तरं माणसाच्या तोंडून जशी आली तशीच वहीत उतरवा. आपल्या भाषेत नीटनेटकी करून लिहू नका. 'टाकवत नाही आणि ठेवूनही काही होत नाही' हे वाक्य मला रात्रभर बसूनही सुचलं नसतं. त्या बाईंना विचारून मी ते माझ्या जाहिरातीत घेतलं. आजही फोन करणाऱ्यांपैकी कितीतरी जण सुरुवातीलाच म्हणतात, "ते वाक्य वाचलं आणि वाटलं, हे माझंच आहे."

दुसरं काम : वहीत कोणती कारणं पुन्हा पुन्हा येतात ते पाहा

साधारण वीस-पंचवीस नोंदी झाल्या की कारणांचे गट दिसायला लागतात. माझ्या वहीत पाच दिसले. तुमच्याकडे वेगळे निघतील, पण नमुना म्हणून सांगते.

गेलेल्या माणसाची आठवण हा पहिला आणि सर्वांत मोठा गट. या गिऱ्हाइकाला नवी वस्तू नको असते. एका न सुटलेल्या प्रश्नातून त्याला मोकळं व्हायचं असतं. साड्या कुणाला देऊन टाकल्या तर अपराधी वाटतं आणि कपाटात ठेवल्या तर त्या विरत जातात. गोधडी झाली की साड्या घरातच राहतात आणि रोज अंगावर येतात.

दुसरा गट भेट देणाऱ्यांचा : डोहाळजेवण, बारसं, लेकीचं लग्न. इथे वस्तू वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, हे विसरू नका. नव्या विक्रेत्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो. ते बाळाच्या त्वचेबद्दल लिहीत बसतात. पण घेणाऱ्या मावशीच्या मनात चाललेलं असतं की बारशाला वीस भेटी येतील, त्यात माझी वेगळी दिसेल का? आणि पुढे पोर मोठं झालं की 'हे मावशीने दिलेलं' असं कुणी म्हणेल का? म्हणून दुपट्याच्या कोपऱ्यात बाळाचं नाव आणि जन्मतारीख टाक्यांनी घालायची सोय मी ठेवली. दुपट्यांची मागणी त्यानंतर वाढली. कापड तेच होतं, शिवणही तीच होती.

तिसरा गट गाव सुटलेल्यांचा. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारे, दुबईला किंवा अमेरिकेला गेलेले. यांना आजोळच्या ओसरीचा एक तुकडा घरात हवा असतो. त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरा. 'वाकळ' म्हटलं की साताऱ्या-कोल्हापूरकडचा माणूस फोनवरच हसतो, कारण तो शब्द त्याने वीस वर्षांत ऐकलेला नसतो. तोच शब्द मुंबईत वाढलेल्याला कळतही नाही, त्याच्याशी गोधडी म्हणावं. परदेशातले अमराठी गिऱ्हाईक 'कांथा' म्हणून शोधतात, कारण जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पांघरुणांसाठी तिकडे बंगालमधलं तेच नाव रुळलं आहे. तरी मी गोधडीला कांथा म्हणून विकत नाही. दोन्हींत धावदोरा आहे, पण परंपरा वेगळ्या आहेत. वर्णनात 'कांथाची महाराष्ट्रातली बहीण' असं लिहिते, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतेही आणि खोटंही होत नाही.

चौथा गट स्वतःसाठी घेणाऱ्यांचा. दमलेली, नोकरी-घर सांभाळणारी बाई रात्री अंगावर काहीतरी जड, मऊ, ओळखीचं ओढून झोपू इच्छिते. हा गट कमी बोलतो पण पुन्हा येतो.

पाचवा गट 'गावच्या बायकांना काम मिळतं म्हणून' घेणाऱ्यांचा. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात करणाऱ्याने या गटावर विसंबू नये. त्यांचं मन चांगलं असतं, पण मदत म्हणून घेतलेली वस्तू लोक एकदाच घेतात. शिवाय आपल्या गरिबीची जाहिरात करायची सवय लागली की आपलं कौशल्य आपल्यालाच दिसेनासं होतं. माझ्यासोबत तीन बायका शिवतात. त्यांच्या हाताला किती वर्षांची सवय आहे, एका इंचात किती टाके बसतात, हे मी लिहिते. त्यांच्या घरच्या अडचणी लिहीत नाही.

तिसरं काम : गिऱ्हाईक कशाला घाबरतंय ते शोधा

याच्यावर जास्त वेळ घालवा. भावना माणसाला दारापर्यंत आणते, पण दारातून परत फिरवणारीही भावनाच असते. जितकी ओढ मोठी तितकी धास्तीही मोठी. आईची साडी परक्या बाईच्या हातात, त्यातून तिच्याकडे कात्री! कापली की परत जोडता येत नाही. हे लोक किमतीमुळे थांबतात असं मला दोन वर्षं वाटत होतं. खरं तर ते कात्रीला घाबरून थांबत होते.

माझ्याकडून झालेली चूक सांगते, म्हणजे ही धास्ती किती खरी आहे ते कळेल. एका मुलीने आईच्या चार साड्या दिल्या होत्या. त्यातल्या इरकलीवर मधोमध फाटलेला भाग होता, रफू केलेला, टाके वेडेवाकडे. मी तो भाग विरलेला म्हणून कापून बाजूला टाकला आणि चांगलं कापड वापरलं. गोधडी सुंदर झाली. ती मुलगी आली, हाताने चाचपत राहिली आणि म्हणाली, "आईने रफू केलेलं कुठाय?" आईच्या हातचे टाके म्हणून त्या साडीतलं तेवढंच तिला हवं होतं. सुदैवाने चिंध्यांच्या पोत्यात तो तुकडा सापडला. मी गोधडीच्या मधोमध तो लावून दिला, पैसे घेतले नाहीत. पण तो सापडला नसता तर?

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली. तुम्ही नवे असाल तर पहिल्या दिवसापासून ती लावून घ्या.

साड्या आल्या की प्रत्येकीचा उलगडून फोटो काढते आणि गिऱ्हाइकाला पाठवते. डाग, ठिगळं, रफू, पदराची गाठ, सगळं दाखवून विचारते : यातलं काय राहिलंच पाहिजे? मग मांडणी जमिनीवर करून, न कापता, तिचा फोटो. त्याला होकार आल्याशिवाय कात्री लागत नाही. कापायच्या वेळी कुणाला पाहायचं असेल तर व्हिडिओ कॉल लावते. पहिल्यांदा मला वाटलं होतं की कोण कशाला पाहील? बरेच जण पाहतात. काही जण त्या वेळी देवापाशी दिवा लावतात. उरलेला प्रत्येक तुकडा, काठाची पट्टीसुद्धा, पिशवीत घालून परत देते.

ही पद्धत मी जाहिरातीत पायऱ्या करून लिहिली आणि त्या एका मजकुराने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम आणलं. त्यात 'प्रेम' हा शब्द एकदाही नाही. 'तुमच्या होकाराशिवाय कात्री लावत नाही' हे मात्र आहे.

काही काम नाकारावंही लागतं. जुन्या रेशमाला घड्यांवर चिरा जातात, जरीचा धागा टोचतो. रोजच्या पांघरुणासाठी ते कापड चालत नाही, आणि पैठणी तर मी कापतच नाही. ती पेटीत नीट कशी ठेवायची ते सांगते, सहा महिन्यांनी घडी बदला म्हणते आणि परत पाठवते. नाही म्हटलेली अशी माणसं पुढे सुती साड्या घेऊन येतात, हे मी पाहिलंय. आणि ती आली नाहीत तरी पैठणी वाचते.

चौथं काम : एका मजकुरात एकच कारण

नव्या माणसाला सगळं एकदम सांगावंसं वाटतं : आठवण पण, बारसं पण, पर्यावरण पण, परंपरा पण. वाचणाऱ्याच्या मनात एक वेळी एकच दार उघडं असतं. समजा माझ्याकडे तयार असलेली एकच निळी-हिरवी गोधडी आहे. ती मी तीन जागी तीन प्रकारे लिहीन.

बाळंतपणाच्या भेटीसाठी : 'चार जुन्या सुती साड्या, अनेकदा धुतलेल्या, म्हणून नव्या कापडाचा ताठपणा नाही. कोपऱ्यात बाळाचं नाव घालून मिळेल. नाव ठरलं नसेल तर बारशानंतर कळवा, तोवर जागा मोकळी ठेवते.'

लांब राहणाऱ्यांसाठी : 'सहा थर आहेत. अंगावर घेतली की वजन जाणवतं, आजोळी जाणवायचं तसं. पाऊण इंचाच्या ओळी, चौकोनात फिरत मध्यापर्यंत गेलेल्या.'

स्वतःसाठी घेणाऱ्यांसाठी : 'एकेरी पलंगाची. सोफ्यावर पडून राहायला पुरते. यंत्रात हलक्या फेरीत धुता येते. उलट्या बाजूने वाळवा.'

यात 'मायेची ऊब', 'प्रेमाने विणलेली', 'अनमोल ठेवा' असले शब्द कुठेच नाहीत. ते शब्द वाईट नाहीत, पण फार हातांतून फिरून गुळगुळीत झालेत. वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. 'बारशानंतर कळवा, तोवर जागा मोकळी ठेवते' हे वाचलं की मावशीला बाळ दिसतं. माया तिची तिलाच आठवते, ती आपण लिहावी लागत नाही. म्हणून लिहून झालं की विशेषणं शोधा आणि प्रत्येकाच्या जागी एखादी दिसणारी वस्तू किंवा घडणारी गोष्ट ठेवून पाहा.

शिवाय मोजमाप, वजन, थर, धुण्याची रीत हे प्रत्येक मजकुरात हवंच, फक्त शेवटी. मनाने ठरवलेलं माणूस घरच्यांना पटवताना हेच आकडे सांगतं. "अहो, सहा थर आहेत, धुताही येते," असं नवऱ्याला सांगता आलं की पैसे निघतात.

फोटोंबद्दल थोडंच. पांढऱ्या पडद्यासमोर टांगलेली गोधडी दुकानातली दिसते. खाटेवर, खिडकीच्या उजेडात, एक कोपरा दुमडलेला, असं ठेवा. एक फोटो इतक्या जवळून की टाके मोजता यावेत. हात दिसू देत. उलटी बाजू जरूर दाखवा, कारण हाताची शिवण खरी आहे हे तिथेच कळतं.

पाचवं काम : किंमत भावनेवर लावू नका

इथे मी फार ठाम आहे. आई गेलेलं माणूस समोर बसलंय, डोळ्यांत पाणी आहे, त्या क्षणी तुम्ही दुप्पट सांगितलंत तरी ते देईल. देऊ देऊ नका. माझे दर छापलेले असतात आणि साड्यांची गोष्ट ऐकायच्या आधी मी ते पुढे ठेवते. गोष्ट ऐकल्यावर दर वाढतही नाहीत आणि दयेने कमीही होत नाहीत. दयेने कमी करणं हीसुद्धा चूकच, कारण माझ्यासोबत शिवणाऱ्या बायकांचे पैसे त्यातून जातात.

हिशेब असा मांडा. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. एकेरी गोधडीला सगळं मिळून 45 तास लागले, तासाला 90 रुपये धरले, तर मजुरी 4050 रुपये. अस्तर 400, दोरा 150, धुणं-इस्त्री 100, खोका आणि इतर 200. झाले 4900. त्यावर वीज, जागा, बिघडलेलं काम आणि पुढच्या महिन्यासाठी 20 टक्के धरले, म्हणजे 980. एकूण 5880 रुपये. नव्या बायका तास मोजतच नाहीत, 'घरी बसूनच तर करते' म्हणतात. मोजा. एकदा मोजल्यावर दर सांगताना आवाज कापत नाही, आणि गिऱ्हाईक तुमचा आवाज ऐकत असतं.

कुणी महाग म्हणालं तर वाद घालू नका. मी म्हणते, "काकू, यात पंचेचाळीस तास आहेत. बजेट कमी असेल तर त्याच साड्यांचं छोटं दुपटं किंवा दोन उशांचे अभ्रे करू, म्हणजे आठवण राहील." लहान वस्तू ठेवणं फार गरजेचं आहे. ओढ असलेल्या प्रत्येकाकडे पैसे असतीलच असं नाही, आणि रिकाम्या हाताने परत गेलेलं माणूस मला झोपू देत नाही.

सहावं काम : वर्षाचं गणित

प्रत्येक कारणाचा आपला मोसम असतो. आठवणीच्या गोधड्यांची विचारणा माझ्याकडे बहुतेक वर्षश्राद्धाच्या दोन-तीन महिने आधी येते, म्हणून मी 'दोन महिने लागतात' हे ठळक लिहिते. पितृपक्षात मी जाहिरात करत नाही. लोक हळवे असतात, विक्री होईलही, पण ते मला बरं वाटत नाही आणि बरीच घरं तेव्हा नवं काही घेतही नाहीत. मातृदिन आपल्याकडे दोनदा येतो, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आणि पिठोरी अमावास्येला. मे महिन्याचा तरुणांना चालतो. पिठोरीचा उल्लेख केला की सासरी गेलेल्या, चाळिशीच्या पुढच्या बायका फोन करतात. जुलै-ऑगस्टमध्ये साड्या वाळत नाहीत, दमट कापड शिवलं की वास धरतं. त्या दोन महिन्यांत मी नावं नोंदवून घेते, काम पोचवायचं वचन देत नाही.

प्रदर्शनांचा काळ हिवाळ्याचा. पुण्यात भीमथडी जत्रा, मुंबईत महालक्ष्मी सरस, कलेची कामं असतील तर काळा घोडा महोत्सव. मोठ्या प्रदर्शनात जागा मिळायला वेळ लागतो, तोवर गावातल्या शाळेचा हॉल किंवा गणेश मंडळाचा मंडपही चालतो. स्टॉलवर नवखे लोक वस्तूंचा ढीग लावतात. मी एक अर्धवट शिवलेली गोधडी आणि सुई-दोरा ठेवते आणि येणाऱ्याला म्हणते, "घाला एक टाका." बायका बसतात. टाका घालता घालता बोलायला लागतात : "माझी आजी असंच..." तिथेच माझी वही भरते. त्या दिवशी त्या काही घेत नाहीत, पण महिन्याभराने साड्या घेऊन येतात. म्हणून स्टॉलवर त्या दिवशीच्या गल्ल्यापेक्षा किती जणांनी नंबर दिला ते मी जास्त पाहते.

जिथे थांबायचं

माणसाच्या हळव्या जागेपर्यंत पोचायची वाट कळली की जबाबदारी येते. माझे काही नियम आहेत आणि ते मी मोडत नाही.

गिऱ्हाइकाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगत नाही. परवानगी मागते तीसुद्धा काम पोचल्यावर, आधी नाही. आधी मागितली की नाही म्हणायला संकोच वाटतो. गेलेल्या माणसाचा फोटो मी कधीच वापरत नाही, दिला तरी नाही. रडणाऱ्या माणसाचं चित्रण करत नाही.

बाजारातून आणलेल्या जुन्या साड्यांच्या गोधडीला 'आजीची गोधडी' म्हणत नाही. कडा यंत्रावर शिवल्या असतील तर तसं लिहिते. 'शेवटचे दोनच नग' असं नसताना लिहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्पष्ट व्याख्या आहे आणि छोटा धंदा म्हणून त्यातून सुटका नाही, हे नव्यांनी माहीत करून घ्यावं. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. ज्या माणसाने आईच्या साड्या माझ्या हातात दिल्या, त्याला मी फसवू कशी?

तुमचं काम गोधडीचं नसेल तर

वारली चित्रं काढत असाल तर लग्नाच्या भेटीसाठी 'सुंदर शोपीस' म्हणून विकू नका. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते. लग्नाशी या चित्राचं नातं मुळातच आहे, ते दोन ओळींत सांगा. भेट देणाऱ्याला देताना बोलायला काहीतरी मिळतं आणि हे त्याला हवंच असतं. तुम्ही त्या समाजातले नसाल तर तेही सांगा. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या, 2011 मध्ये पद्मश्री मिळालेल्या कलावंताने हयात घालवून हे नाव मोठं केलंय. त्या नावाखाली आपलं काम खपवू नये.

सावंतवाडीच्या गंजिफाकडेही, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पानांकडेही बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120 गोल पानं असतात. राजघराण्याच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळत चाललेली कला राजवाड्यात पुन्हा उभी केली. आज ती पानं घेणाऱ्यांत खेळणारे थोडेच. बाकीच्यांना 'हे आमच्या सावंतवाडीचं' असं म्हणून पाहुण्यापुढे ठेवायचं असतं. असा अभिमान विकणाऱ्याने खेळाचे नियम छापण्यासोबत पानांवरच्या अवतारांची ओळख आणि चित्र कसं होतं हे सांगणारा एक कागद द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला पाहुण्याशी बोलता येईल.

नावाची पाटी करणाऱ्यांना एकच सांगते : ती बहुतेक नव्या घरासाठी असते आणि घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं. 'सागवानी लाकूड, पाणी लागलं तरी चालेल' याच्या आधी 'चावी हातात आल्यावर दारावर पहिली लागणारी वस्तू' हे लिहा. आणि पाटीवर कुणाकुणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे आवर्जून विचारा. त्या उत्तरात अख्खं घर कळतं.

सातवं काम : दिल्यानंतर

गोधडी पोचली की मी हाताने लिहिलेलं एक पत्र आत ठेवते : कोणती साडी कुठे आहे, कोणता काठ कोणत्या बाजूला, रफूचा तुकडा कितव्या ओळीत. माणसं गोधडी अंथरून ते पत्र हातात घेऊन शोधतात, लेकरांना दाखवतात. हे पत्र लिहायला अर्धा तास लागतो आणि माझी निम्म्याहून जास्त कामं अशा घरांच्या ओळखीतून येतात.

महिन्याभराने एक फोन करते. विकायला नाही. धुतली का, टाका कुठे सुटला का, एवढंच. पहिल्या वर्षातला सुटलेला टाका मी फुकट घालून देते, फक्त यायचा-जायचा खर्च त्यांचा. दुरुस्तीचं काम नव्यांना कटकट वाटतं. पण दुरुस्तीला आलेल्या गोधडीसोबत बहुतेक वेळा एक नवी साडी असते. मागच्या पावसाळ्यानंतर रफूवाल्या मुलीची गोधडी परत आली. कडेचे टाके तिच्या मुलाने ओढून काढले होते. सोबत तिने स्वतःच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी पाठवली होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, "ताई, कडेला ही लावा." दुरुस्तीचा दर मी मीटरवर लावते. तिने तो विचारला नाही, तरी मी आधी कळवला, आणि मांडणीचा फोटो पाठवून तिच्या होकाराची वाट पाहिली.